कोपऱ्यावरचे दुकान आणि ताजी भाजी

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये, जेथे सुपरमार्केट दूर असते आणि अनेक कुटुंबांकडे मोटार नसते, तेथे रोजची खरेदी बहुधा गल्लीच्या कोपऱ्यावरील लहान दुकानातच होते. अशा दुकानांत वेफर्स आणि गोड पेये मुबलक मिळतात, ताजी भाजी मात्र क्वचितच. ‘द फूड ट्रस्ट’ या संस्थेने २००४ मध्ये तेथील दुकानांतील माल सुधारण्याचे काम हाती घेतले आणि २०१० नंतर शहराच्या आरोग्य विभागाच्या साथीने ते शेकडो दुकानांपर्यंत नेले.

यात दुकानदाराला दोष देणे अन्यायाचे ठरेल. शीतपेय कंपनी माल दारात आणून देते आणि पुष्कळदा फ्रीजही पुरवते. भाजी मात्र त्याला स्वतः घाऊक बाजारातून, थोड्या प्रमाणात आणि म्हणून चढ्या भावाने आणावी लागते, शिवाय न खपलेली भाजी सडली की तो तोटा सर्वस्वी त्याचाच. म्हणूनच या उपक्रमात लहान फ्रीज, मांडणी आणि नाशवंत माल हाताळण्याचे प्रशिक्षण यांवर भर दिला गेला.

मागणीही निर्माण व्हावी लागते. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि लहान मुले यांच्यासाठीच्या ‘विक’ या केंद्रीय पोषण योजनेत २००९ पासून फळे व भाज्यांसाठी रक्कम मिळू लागली, तेव्हा योजनेशी संलग्न दुकानांना हा माल ठेवणे भागच पडले. मिनियापोलिस शहराने तर २००८ मध्ये किराणा परवान्यालाच असा माल ठेवण्याची अट जोडली. परंतु फळी भरली म्हणजे पिशवीही भरतेच असे नाही, कारण तेथे भाव आड येतो.