पोट भरणं आणि पोट पोसणं

पेण-रोह्याचे पोहे आपण लहानपणापासून खातो. १०० ग्रॅम पोह्यांत साधारण ३५० कॅलरी असतात. १०० ग्रॅम कुरमुऱ्यांतही जवळपास तेवढ्याच. पण तेवढ्या कुरमुऱ्यांनी पातेलं भरतं, कारण दाण्यात हवा असते. ‘कमी कॅलरीत पोटभर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच खाऊचं मर्म हेच.

जठर ताणलं, की मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो. पण चावताना हवा निघून जाते, म्हणून हे समाधान लवकर ओसरतं. सोबत फुटाणे घेतले, तर प्रथिनं आणि तंतूंमुळे ते टिकतं.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा पाहू. पोट भरल्याची प्रतीती वेगळी, शरीर पोसलं जाणं वेगळं. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा मोजूनमापून जेवत. तो जिभेवरचा संयम होता, भुकेची फसवणूक नव्हे. ज्याच्या ताटात जास्त आहे, त्याला कुरमुऱ्यांची युक्ती उपयोगी पडेल. पण वीटभट्टीवर राबणारी कातकरी बाई कोऱ्या चहावर भूक मारते, तेव्हा तिचंही पोट घटकाभर गप्प बसतं. त्याला आपण तृप्ती म्हणणार का?