उसाचा रस : रंगाचे भय आणि बर्फाचा भरवसा

छत्रपती संभाजीनगराहून वेरुळास निघालेला प्रवासी दौलताबादचा किल्ला मागे टाकून पुढे जाऊ लागला, आणि चैत्राच्या उन्हात एखाद्या रसवंतीच्या घुंगरांचा नाद कानी पडला, म्हणजे त्याची पावले आपसूक तिकडे वळतात. परंतु पेला हाती येताच जी शंका त्याला येते ती बहुधा भलत्याच ठिकाणी असते, आणि जेथे खरोखर जपावे तेथे तो निर्धास्त असतो.

रस थोडा वेळ राहिला की काळपट पडतो, सबब त्यात चरकाचे लोखंड उतरले असावे, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक चिरलेले वांगे ज्या कारणाने काळवंडते तेच कारण येथेही असते : उसातील एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या संयोगाने रसाला गडद रंग आणते. रसवाला एकदा पिळलेले कांडे दुमडून, त्याच्या पोटात लिंबाची फोड व आल्याचा तुकडा घालून ते पुन्हा चरकात सारतो, तेव्हा लिंबाच्या आम्लामुळे ही क्रिया मंदावते. केवळ चवीखातर पडलेल्या या रिवाजाला रसायनशास्त्राचाही आधार असावा, याचे मला फार कौतुक वाटते. मात्र ऊसच आतून तांबडा व आंबूस असेल तर तो रोगट समजून वर्ज्य करावा.

बर्फात जंतू मरतात, हा समज याहून घातक होय. गोठल्याने अनेक जंतू केवळ निपचित पडतात, आणि बर्फ वितळताच पुन्हा सक्रिय होतात. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचे बंधन अन्न व औषध प्रशासनाने महाराष्ट्रात २०१८ साली घातले ते याच कारणास्तव. काविळीवर रस हा अक्सीर इलाज मानणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण रसाने कावीळ बरी होत नाही. उलट दूषित पाण्याच्या बर्फातून वा त्याच पाण्यात विसळलेल्या पेल्यातून ती जडू शकते.

रस नैसर्गिक, म्हणून मधुमेह्यासही चालतो, हेही खरे नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे १०० मिलिलिटर रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते, आणि प्रौढाची दिवसाची मर्यादा ३० ग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटरच्या एका पेल्यातच ती जवळजवळ संपते.

मी स्वतः चरकाशी उभा राहून, डोळ्यांदेखत पिळलेला, बिनबर्फाचा रस मागतो. त्यापायी काही ठिकाणी पेल्यामागे चार पैसे अधिक पडतात. ते मी आनंदाने देतो, कारण तेवढा रसच अधिक मिळतो.