गुरुदक्षिणेची नौका

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर, फिलिपाइन्सच्या पूर्वेस आणि न्यू गिनीच्या उत्तरेस, बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसते. ही कॅरोलाइन बेटे होत. त्यांपैकी सातावल हे बेट इतके लहान आहे की, पुष्कळ नकाशांत त्याच्या वाट्याला ठिपकाही येत नाही. त्याचे क्षेत्रफळ सव्वा चौरस किलोमीटरच्या आसपास आणि वस्ती सुमारे ५०० माणसांची. किनाऱ्यावर नारळाची झाडे, आत नीरफणसाची झाडे आणि चोहोंकडे क्षितिजापर्यंत पाणीच पाणी. मोठे जहाज आत येऊन सुखरूप उभे राहील असे बंदर तेथे नाही. अशा बेटावर राहणाऱ्या माणसाचे जीवन नावेवाचून चालत नाही. मासळी आणायची ती नावेने आणि दुसऱ्या बेटावरील आप्तांना भेटायचे तेही नावेने. नाव नसेल, तर बेट म्हणजे बंदिवासच होय.

२००७ सालच्या मार्च महिन्यात हवाई बेटांवरून निघालेल्या दोन जोडनौका या सातावलला येऊन पोहोचल्या. दोन लांब होड्या शेजारी शेजारी ठेवून आडव्या लाकडांनी एकमेकींस जखडल्या म्हणजे जोडनौका तयार होते. या नौकांनी ६,००० किलोमीटरांहून अधिक सागर ओलांडला होता. त्यांपैकी एक नौका परत जाणार नव्हती. हवाईतील नाविकांनी ती मोबदल्याची अपेक्षा न धरता, स्वखुशीने बांधली होती आणि सातावलमधील एका वृद्ध नावाड्याला ती अर्पण करावयाची होती. इतक्या दूरच्या एका चिमुकल्या बेटासाठी या लोकांनी एवढे कष्ट का घेतले? हे समजण्यासाठी आपल्याला काही वर्षे मागे जावे लागेल.

त्या वृद्धाचे नाव पियस माऊ पिआइलुग. त्यांचा जन्म १९३२ साली सातावलमध्येच झाला. त्यांचे आजोबा निष्णात मार्गदर्शक नाविक होते. नातू चार-पाच वर्षांचा होताच आजोबांनी त्याचे शिक्षण सुरू केले. या शाळेत पाटी नव्हती आणि पुस्तकही नव्हते. आजोबा त्याला किनाऱ्यावरील पाण्याच्या डबक्यांत बसवीत. समुद्राची हालचाल अंगाला कशी जाणवते, हे त्याने ओळखावे, असा त्यांचा हेतू असे. चटईवर प्रवाळाचे खडे वर्तुळाकार मांडून कोणता तारा कोठे उगवतो व कोठे मावळतो, हे त्याच्याकडून पाठ करून घेतले जाई. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास माऊंना नाविकाची दीक्षा मिळाली. या दीक्षेला तेथे ‘प्वो’ असे म्हणतात.

मुलांनो, होकायंत्र आणि नकाशा यांच्यावाचून भर समुद्रात वाट कशी सापडते, असा प्रश्न तुमच्या मनात उभा राहील. याचे उत्तर आकाशात आहे. एखादा तारा क्षितिजावर ज्या जागी आज उगवतो, त्याच जागी तो उद्याही उगवतो. म्हणून इष्ट बेटाच्या दिशेला उगवणारा तारा हेरून नाविक त्याच्या रोखाने नाव हाकारतो. तो तारा वर चढला की, त्याच जागी उगवणारा पुढचा तारा धरावयाचा. अशी रात्रभर ताऱ्यांची मालिका चालू राहते. दिवसा उगवता व मावळता सूर्य मदतीस येतो. आभाळ भरून आले, तर दूरवरून संथपणे येणाऱ्या मोठ्या लाटांचा आधार घ्यावयाचा. वारा बदलला तरी या लाटांची दिशा लवकर बदलत नाही. नावेच्या तळाशी आडवे पडून अनुभवी नाविक त्यांचा हेलकावा अंगाने ओळखतो. जमीन जवळ आल्याची वार्ता पक्षी देतात. काही पक्षी सकाळी बेटावरून मासे टिपावयास समुद्रावर जातात आणि सायंकाळी परततात. तेव्हा सायंकाळी ते ज्या दिशेला उडत जातील, तिकडे बेट असावे, असे अनुमान बांधता येते.

प्राचीन काळी पॅसिफिकमधील अनेक लोकांजवळ ही विद्या होती. हवाई बेटांवरील लोकांचे पूर्वज याच विद्येच्या बळावर दक्षिणेकडून तेथे येऊन वसले. परंतु काळाच्या ओघात हवाईत ती लोप पावली. ती जाणणारा एकही माणूस तेथे उरला नाही. हे पूर्वज वाट चुकून, वाऱ्याबरोबर वाहत, योगायोगाने त्या बेटांना लागले असावेत, असेही काही विद्वान म्हणू लागले. आपले पूर्वज कुशल नाविक होते, हे सिद्ध करावे म्हणून १९७३ साली हवाईत एक संस्था स्थापन झाली आणि १९७५ साली तिने जुन्या घाटाची ‘होकूलेआ’ नावाची जोडनौका पाण्यात लोटली.

‘होकूलेआ’ म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा दुसरा कोणी नसून आपल्या परिचयाची स्वातीच होय. हवाईतून पाहिले असता स्वाती जवळजवळ ठीक डोक्यावरून जाते. म्हणून दक्षिणेकडून येणाऱ्या नाविकाच्या माथ्यावर स्वाती आली की, आपण हवाईइतके उत्तरेस आलो, हे त्याला कळते. मुंबई व हवाई ही विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळे आपल्याकडेही ती माथ्यावर येते. मे महिन्याच्या अखेरीस, रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास, आभाळ निरभ्र असेल तर मान वर करून पाहा. किंचित नारिंगी छटेचा जो तेजस्वी तारा दिसेल, तीच स्वाती.

नौका सिद्ध झाली, पण तिला वाट दाखविणार कोण? तेव्हा माऊंना पाचारण करण्यात आले. ही विद्या कुळातच राखावी, परक्यास देऊ नये, अशी त्यांच्याकडील रूढी होती. परंतु सातावलमधील तरुणही आता या विद्येकडे पाठ फिरवू लागले होते. आपल्यामागून ती नाहीशी होईल, ही चिंता माऊंना जाळीत होती. त्यांनी निमंत्रण स्वीकारले. १ मे १९७६ रोजी होकूलेआ हवाईतून निघाली आणि सुमारे ४,००० किलोमीटरांचा प्रवास करून ४ जून रोजी ताहिती बेटाच्या पापीती बंदरात शिरली. माऊ त्यापूर्वी ताहितीला कधीही गेले नव्हते. विषुववृत्तापलीकडे ध्रुवतारा दिसेनासा झाला, तरीही त्यांची दिशा चुकली नाही. नौकेच्या स्वागतासाठी किनाऱ्यावर १७,००० हून अधिक लोक जमले होते.

हा विजय मोठा होता, पण त्याला एक डाग लागला. प्रवासात खलाशांमध्ये भांडणे झाली. त्यांना कंटाळून माऊ ताहितीहूनच आपल्या बेटाकडे निघून गेले. पुढे १६ मार्च १९७८ रोजी होकूलेआ पुन्हा ताहितीला निघाली असता त्याच रात्री वादळात उलटली. एडी आइकाऊ नावाचा धाडसी तरुण मदत आणण्यासाठी लाटांवर तरंगणारी फळी घेऊन एकटाच निघाला. बाकीचे खलाशी पुढे वाचले, पण एडी मात्र परत आला नाही.

या घटनेनंतर नाइनोआ टॉम्सन या तरुण नाविकाने माऊंना पुन्हा विनंती केली. माऊंनी जुना राग मनात धरला नाही. १९७९ साली ते हवाईत आले आणि त्यांनी नाइनोआला शिकविण्यास आरंभ केला. एके दिवशी समुद्रकाठी त्यांनी त्याला ताहितीची दिशा विचारली. त्याने ती दाखविली. ते बेट तुला दिसते का, असे त्यांनी पुढे विचारले. बेट डोळ्यांना दिसत नाही, परंतु मनात त्याचे चित्र उभे आहे, असे नाइनोआने सांगितले. ते चित्र कधीही पुसू देऊ नकोस, नाहीतर वाट चुकशील, असा उपदेश माऊंनी त्याला केला.

१९८० साली नाइनोआने यंत्रांवाचून होकूलेआ ताहितीला नेली आणि परत आणली. या प्रवासात माऊ बरोबर होते, पण ते सहसा बोलत नसत. एके सकाळी एक पक्षी उडताना दिसला. सकाळी पक्षी बेटावरून समुद्राकडे जातात, हा नियम नाइनोआला पाठ होता. त्यामुळे बेट पक्ष्याच्या पाठीमागे असावे, असे त्याला वाटले. माऊंनी मात्र पक्ष्याच्या मागे नौका वळविण्यास सांगितले. थोड्याच वेळात बेट दिसू लागले! त्या पक्ष्याच्या चोचीत मासा होता. पिलांना भरविण्यासाठी तो सकाळीच घरट्याकडे निघाला होता. नियम पाठ असावाच, पण डोळेही उघडे असावेत, हा धडा शिष्याला त्या दिवशी मिळाला.

एका शिष्याचे पुढे अनेक शिष्य झाले. हवाईत नव्या नौका तयार झाल्या, शाळेतील मुले ताऱ्यांची नावे शिकू लागली. परंतु ज्यांनी हे सारे दिले, त्या गुरूंना आपण काय दिले, हा प्रश्न शिष्यांना अस्वस्थ करीत होता. १९९९ साली ‘मकालीई’ या नौकेतून त्यांनी माऊंना सन्मानपूर्वक सातावलला पोहोचविले. तिचे कप्तान क्ले बर्टेलमन यांनी माऊंसाठी समुद्रपर्यटनास योग्य अशी जोडनौका बांधून देण्याचे वचन दिले.

सातावलचे लोक स्वतः उत्तम नावा बांधतात. नीरफणसाचे खोड कोरून, एका बाजूस तोल सांभाळणारी उलांडी लावून आणि नारळाच्या काथ्याच्या सुंभाने सारे सांधे आवळून त्या तयार होतात. लाटेचा तडाखा बसला की, सुंभाचा सांधा किंचित लवचिकपणे हलतो, पण तुटत नाही. मात्र दूरदूरच्या बेटांवरील अनेक तरुणांना एकाच वेळी बरोबर घेऊन शिकविता येईल, अशी मोठी नौका तेथे नव्हती. ती उणीव भरून काढावयाची होती.

हवाईतील कवाइहाए या बंदरगावी काम सुरू झाले. ते काही महिन्यांत उरकणारे नव्हते. २००४ साली, नौका पुरी होण्यापूर्वीच, क्ले बर्टेलमन मृत्यू पावले. तथापि काम थांबले नाही. त्यांचे बंधू शॉर्टी बर्टेलमन हे १९७६ च्या प्रवासातील खलाशी व माऊंचे शिष्य होते. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी दिलेला शब्द पाळला. सुमारे ५६ फूट लांबीची नौका तयार झाली आणि होकूलेआच्या सोबतीने जानेवारी २००७ मध्ये तिने हवाईचा किनारा सोडला.

१८ मार्च २००७ रोजी सातावलमध्ये मोठा समारंभ झाला. माऊंची प्रकृती तेव्हा खालावली होती. तरीही त्यांनी स्वतः पाच हवाईवासी नाविकांना आणि इतर अकरा जणांना ‘प्वो’ दीक्षा दिली. शिष्यांनी नौका दिली आणि गुरूंनी शिष्यांना आपल्या बरोबरीचे स्थान दिले. पुढे ही नौका यॅप बेटाकडे नेण्यात आली. त्या प्रदेशातील तरुणांना नौकानयन शिकविण्याच्या कामी ती लागली आणि माऊंचा मुलगा सेसारिओ तिचा कप्तान झाला. १२ जुलै २०१० रोजी माऊंनी या जगाचा निरोप घेतला.

नौकेचे नाव ‘आलिंगानो माइसू’ असे आहे. कोकणातील मुलांना नीरफणस ठाऊक आहे. सातावलकडे वाऱ्यावादळाने गळून पडलेल्या पिकलेल्या नीरफणसाला ‘माइसू’ म्हणतात. झाडाचा धनी कोणीही असो, खाली पडलेले माइसू ज्याला हवे त्याने उचलून न्यावे, अशी तेथील रीत आहे. माऊंनी आपली विद्या अशीच सर्वांसाठी मोकळी केली होती. त्यांनी ती कुळापुरती जपून ठेवली असती, तर कदाचित ती त्यांच्याबरोबरच संपली असती. ती दिली, म्हणून ती उरली. आणि एके दिवशी नौकेचे रूप घेऊन त्यांच्याच किनाऱ्याला परत आली.