वळवाच्या वादळाआधी अंगणातले झाड तपासा

मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीबागा आडव्या होतात. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत तसाच धोका अंगणातल्या जुन्या निंबा-चिंचेचाही असतो. त्याच सावलीत आपल्या खाटा पडतात, बैल बांधले जातात.

एप्रिलातच खोडावर लाकडी मोगरीने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, बुंध्याशी अळंबी उगवली किंवा माती उचलली गेली, तर धोका समजावा. वाळलेली जड फांदी खोडापासून हातभर दूर आधी खालून थोडी, मग वरून कापावी. म्हणजे साल सोलत नाही. उरलेला खुंट नंतर काढावा. शेंडा छाटू नये, ढोलीत सिमेंट भरू नये, ओट्यासाठी मुळे तोडू नयेत. तारांजवळची फांदी स्वतः न तोडता महावितरणला कळवावे. चिंच, आंबा तोडण्यास १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते.

झाड राखावे, पण डोळसपणे.