सूर्याला लावला चुना!

एप्रिलच्या भर दुपारी हैदराबादला गच्चीवर अनवाणी गेलाय का कधी? मी गेले होते. काचीगुड्याला, मावशीकडे. कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकलायचं काम माझ्याकडे होतं. दाराबाहेर दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला मी चक्क नाचायलाच लागले. "आई गं, आई गं" करत धावले ती थेट कुरडयांपाशी. तिथे मात्र पायांची तक्रार एकदम बंद!

खाली पाहिलं तर गच्चीचा तेवढा भाग पांढराशुभ्र. आदल्या दिवशी काकांनी चुना लावायला घेतला होता आणि अर्ध्यातच चुना संपला होता. ऊन तेच, गच्ची तीच, पण एका बाजूला तवा आणि दुसऱ्या बाजूला अंगण.

"करंट बिल कमी यावं म्हणून लावतोय," मावशी म्हणाली. हैदराबादेत विजेच्या बिलाला करंट बिलच म्हणतात. मला काही कळेना. चुना गच्चीला, बिल मीटरचं. दोघांचं नातं काय?

नातं उन्हातून जातं. समजा, सूर्याने गच्चीवर शंभर रुपयांचं ऊन टाकलं. नवा, चांगला पांढरा रंग त्यातले ऐंशीएक रुपये आल्या वाटेने परत पाठवतो. जुनी, काळवंडलेली सिमेंटची गच्ची मात्र बहुतेक पैसे खिशात घालते. मग स्लॅब तापतो. पण तो आहे जाडजूड आणि आळशी. वरची उष्णता हळूहळू झिरपत खालच्या छताशी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून तर सूर्य मावळल्यावरही वरच्या मजल्यावर पंखा गरम वारा फेकतो. एसी असेल तर रात्री दहाला तो बिचारा दुपारी बाराच्या उन्हाशी झुंजत असतो. त्या झुंजीचे पैसे आपण भरतो.

(पंख्यावरून आठवलं. पंखा हवा गार करतच नाही, फक्त आपला घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कुणाचा घाम वाळवतो, सांगा बरं?)

काकांची ही युक्ती शास्त्रज्ञांनीही तपासली आहे, तीही हैदराबादेतच. तिथल्या ट्रिपल आयटी या संस्थेने आणि अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने मिळून एसी असलेल्या इमारतींची छतं रंगवून मोजमाप केलं. साधं सिमेंटचं छत पांढरं केल्यावर गारव्यासाठी लागणारी वीज 10 ते 19 टक्क्यांनी घटली. काळ्या छताच्या जागी पांढरं आलं, तर 14 ते 26 टक्क्यांनी! आता या काही आपल्यासारख्या घरांच्या इमारती नव्हत्या. घरी एवढी बचत होईलच असं नाही.

मग एसी नसलेल्यांना काय फायदा? 2017 मध्ये शहरातल्या 25 छोट्या घरांच्या छपरांवर पांढरं आवरण घालून पाहिलं. आतली हवा सरासरी 2 अंशांनी गार राहिली. दोनच अंश, असं म्हणू नका. ताप 98 वरून 100 झाला की आई शाळेत पाठवत नाही ना? (ते अंश फॅरनहाइटचे. हे सेल्सिअसचे, म्हणजे आणखी मोठे.) पुढे 2023 मध्ये तेलंगणाने थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं, देशातलं पहिलं. 2028 पर्यंत राज्यात 300 चौरस किलोमीटर छतं थंड करायची आणि त्यातली 200 एकट्या हैदराबादेत, असं त्यात ठरवलं.

एक गोम आहे. पांढरं छत मळतं. धूळ बसली की ते ऊन परत पाठवायचं विसरतं, म्हणून अधूनमधून धुवावं लागतं. साधा चुना तर पावसात वाहूनच जातो. काका त्यात थोडा फेव्हिकॉल घालतात, तरी दर उन्हाळ्यात नवा हात द्यावाच लागतो. छतासाठीचे तयार पांढरे रंग जास्त टिकतात, पण महागही पडतात. माझं मत विचाराल तर मळकट पांढरी गच्चीसुद्धा काळ्या गच्चीपेक्षा बरीच.

विश्वास बसत नाही? मग दोन विटा घ्या. एकीला कोळसा फासा, दुसरीला चुना. (चुना मोठ्या माणसांकडून लावून घ्या, डोळ्यांत उडाला तर फार झोंबतो.) सकाळपासून दोन्ही शेजारी शेजारी उन्हात ठेवा. दुपारी तीनला दोन्हींवर एकेक बर्फाचा खडा ठेवून घड्याळ बघा. मग दिवस मावळला की दोन्ही विटांना हात लावून पाहा. कोणती वीट अजून दुपारची गोष्ट सांगतेय, ते वहीत लिहून आम्हाला कळवा. आणि हो, गच्चीवर जाताना पायात चप्पल घाला. मी घातली नव्हती.