‘पार्क’मध्ये अडकलेली मोटार आणि मागचा लाल दिवा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक सायंकाळी बाहेरगावाहून मोटारीने परतले. वाटेत मागून येणाऱ्या एका स्कूटरस्वाराने त्यांना सांगितले, “मास्तर, तुमच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागत नाहीत.” दिव्याचे काम उद्या पाहू, असे म्हणून मास्तरांनी गाडी दारात उभी केली. त्याच रात्री त्यांच्या वृद्ध मातोश्रींना धाप लागली. मास्तर गाडीत बसले, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाले. परंतु गिअरची दांडी ‘पी’ या अक्षरावरून तसूभरही हलेना. अखेर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी लागली. मातोश्री सुखरूप घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडी उघडली, तेव्हा जळालेला एक लहानसा फ्यूज तेवढा सापडला. तो बदलताच मागचे दिवेही लागले आणि दांडीही हलू लागली.

मागचा दिवा आणि पुढची दांडी यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. स्वयंचलित गिअरच्या मोटारी आता खेडोपाडीही दिसू लागल्या आहेत. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक चालकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कुलपाची योजना

स्वयंचलित गाडीत ‘पी’ म्हणजे पार्क, ‘आर’ म्हणजे मागे जाणे, ‘एन’ म्हणजे न्यूट्रल आणि ‘डी’ म्हणजे पुढे जाणे. दांडी ‘पी’वर आणली, की गिअरपेटीतील एका दातेरी चक्रात लोखंडी खिटी अडकते व चाके जखडली जातात. ब्रेकवर पाय दिल्याविना ही दांडी ‘पी’वरून हलू नये, यासाठी तिला एक विजेवर चालणारे कुलूप बसविलेले असते.

या कुलपामागे मोठा इतिहास आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत गाड्या एकाएकी उसळून धावल्याच्या अनेक तक्रारी आल्या व त्यांत आऊडी ५००० या गाडीचा विशेष गवगवा झाला. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९८९ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. ब्रेक समजून अॅक्सिलरेटरवर पाय पडणे, हेच अशा बहुतेक घटनांचे कारण असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. पाय आधी ब्रेकवर असल्याची खात्री करून घेणारे कुलूप त्यामुळे रूढ झाले. उभ्या गाडीत खेळणाऱ्या मुलांच्या हातून दांडी सरकून अपघात होत, त्यासही यामुळे आळा बसला. १ सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेत अशा प्रवासी मोटारींना हे कुलूप सक्तीचे झाले.

एकच स्विच, दोन कामे

ब्रेकच्या पेडलच्या वरच्या टोकाशी एक छोटा स्विच असतो. पेडल दाबले, की त्याचा दट्ट्या सुटतो व विजेचा मंडल पूर्ण होतो. ही वीज मागच्या लाल दिव्यांकडे जाते आणि ‘चालकाचा पाय ब्रेकवर आहे’ ही वर्दीही याच स्विचकडून कुलपाला मिळते. स्विच निकामी झाला किंवा त्याचा फ्यूज जळाला, तर दिवे विझतात आणि कुलूपही उघडत नाही. गाडी धावत असताना दांडी ‘डी’वर असल्याने कुलपाचा दोष जाणवत नाही, एकदा ‘पार्क’ केली, की मग ती अडकते. मास्तरांच्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

दोष कसा शोधावा?

प्रथम हातब्रेक पक्का ओढावा. किल्ली ‘ऑन’ आहे व बॅटरी क्षीण झालेली नाही, हे पाहावे. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत, ती बराच वेळ उभी असल्यास, ब्रेकचे पेडल कठीण लागते; अशा वेळी ते नेहमीपेक्षा जोराने दाबून पाहावे. त्यानंतर दुसऱ्या व्यक्तीस गाडीच्या मागे एका बाजूला उभे करून ब्रेक दाबावा आणि पुढील तीन गोष्टी ताडून पाहाव्यात.

एक : मागचा एकही दिवा लागत नसेल, तर दोष फ्यूजमध्ये, स्विचमध्ये किंवा त्यांच्या तारांत आहे असे समजावे. सर्व बल्ब एकाच वेळी जाणे क्वचितच घडते. फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत ब्रेकदिव्याच्या फ्यूजची जागा दिलेली असते. किल्ली बंद करून तो काढावा. आतील तार तुटलेली दिसल्यास तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. लाल फ्यूज १० अँपिअरचा व निळा १५ अँपिअरचा असतो. अधिक अँपिअरचा फ्यूज, तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद कदापि वापरू नये. त्याने गाडीला आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर कोठे तरी तार उघडी पडली आहे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि पावसाच्या पाण्याने गंजलेले बल्बचे होल्डर ही आपल्याकडील नेहमीची कारणे होत.

दोन : एकच दिवा लागत नसेल, तर तो बल्ब गेला आहे. त्यामुळे सहसा दांडी अडकत नाही, कारण कुलपाला वर्दी मिळते ती बल्बकडून नव्हे, स्विचकडून.

तीन : सर्व दिवे लागतात, तरीही दांडी हलत नाही, अशा वेळी कान देऊन ऐकावे. ब्रेक दाबताच दांडीच्या बुडाशी ‘टिक्’ असा आवाज येत असेल, तर कुलूप उघडत आहे. अडचण खिटीची किंवा दांडीच्या यंत्रणेची असावी. पणजीच्या आल्तिनो टेकडीसारख्या चढावर गाडी उभी केली, तर तिचा सारा भार त्या खिटीवर येतो व दांडी घट्ट बसते. म्हणून उतारावर ब्रेक दाबूनच आधी हातब्रेक ओढावा व नंतर ‘पी’ लावावा. आवाज येत नसेल, तर कुलपाचा विद्युत्‌चुंबक अथवा त्याची तार बिघडली असण्याचा संभव आहे. दांडीजवळ सांडलेला गोड चहासुद्धा याला कारण होतो. काही गाड्यांच्या स्विचमध्ये दिव्यांचा व संगणकाचा असे दोन स्वतंत्र मंडल असतात. त्यांत दिवे लागूनही वर्दी न पोचणे शक्य असते.

अडल्या वेळचा उपाय

बहुतेक दांडीच्या गाड्यांत दांडीशेजारी एक छोटे झाकण किंवा खाच असते. हातब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्या खाचेत किल्ली किंवा पेचकस दाबावा व दांडी ‘एन’वर आणावी. ‘एन’मध्येही इंजिन सुरू करता येते. मात्र दांडीवर बळजबरी करू नये. बटणाने अथवा फिरत्या गोल मुठीने गिअर बदलणाऱ्या गाड्यांत बहुधा अशी खाच नसते. तेथे मेकॅनिकलाच बोलवावे.

अशा रीतीने गाडी सुटली, तरी ती दुरुस्त झाली असे मानू नये. मागचे दिवे बंद असता आपण ब्रेक दाबल्याचे मागच्या चालकास कळत नाही. ब्रेकदिवे चालू असणे हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये बंधनकारकही आहे. तेव्हा दिवसाउजेडी, सावकाश, जवळच्या गॅरेजपर्यंतच गाडी न्यावी. घरात रुग्ण अत्यवस्थ असेल, तर या खटाटोपात वेळ न दवडता १०८ क्रमांकास प्रथम कळवावे.

उलटा दोष अधिक घातक

पेडलवर स्विचच्या दट्ट्यासमोर प्लॅस्टिकची एक लहान टिकली असते. काही वर्षांनी ती ठिसूळ होऊन गळून पडते. मग दट्ट्या कायम सुटा राहतो व मागचे दिवे अहोरात्र जळतात. बॅटरी तर उतरतेच. शिवाय पाय ब्रेकवरच आहे अशी कुलपाची समजूत होऊन ते संरक्षण करीनासे होते, आणि किल्ली गाडीत राहिली असल्यास मुलाच्या हातूनही दांडी सरकू शकते. पायाशी प्लॅस्टिकचे तुकडे दिसल्यास याची शंका घ्यावी.

ज्या एएमटी गाड्यांत ‘पी’ हे स्थानच नसते, त्यांच्या चालकांनीही निश्चिंत राहू नये. त्यांतही स्विच बिघडल्यास इंजिन सुरू होत नाही किंवा न्यूट्रलमधून गिअर पडत नाही.

तात्पर्य, आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबावा आणि भिंतीवरचा लाल उजेड आरशात पाहावा. या कामास अर्धे मिनिटही लागत नाही. आणि रस्त्यात एखाद्या अनोळखी माणसाने ‘तुमचा मागचा दिवा लागत नाही’ असे सांगितले, तर त्याचे आभार मानून त्याच दिवशी दुरुस्ती करून घ्यावी. आमचे मास्तर आता तसेच करतात. जादा फ्यूजची एक पुडीही ते आठवणीने गाडीत ठेवतात.