निरोपाचा अर्थ : आपल्या ओळखीची काही लॅटिन वचने

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला आणि मिस्साबलिदानात लोकभाषेला द्वार खुले झाले. पुढील काही वर्षांत वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. जुन्या पिढीला मुखोद्गत असलेली लॅटिन उत्तरे हळूहळू विस्मरणात गेली. (त्याच दस्तऐवजात रोमन विधीतील लॅटिनचा वापर जतन करावा असेही म्हटले आहे, याचा मात्र सहसा विसर पडतो.) तरीही ही भाषा आपल्यातून पूर्णपणे गेलेली नाही. दफनभूमीतील शिळेवर, क्रुसाच्या माथ्यावर, रोमहून येणाऱ्या वार्तांमध्ये, इतकेच नव्हे तर आपल्या रोजच्या बोलण्यातही ती भेटत असते. मात्र तिचा अर्थ पुष्कळदा अर्धाच आपल्यापर्यंत पोहोचलेला असतो.

कबरीवरील आर.आय.पी. ही तीन अक्षरे पाहा. ती इंग्रजी आहेत असा सार्वत्रिक समज आहे, कारण त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही योगायोगाने तीच येतात. मूळ वचन 'रेक्विएस्कात इन पाचे' असे आहे. 'शांतीत विसावो' हा त्याचा अर्थ. इंग्रजी शब्द वाचताना आपण जणू मृत व्यक्तीलाच 'आता स्वस्थ विश्रांती घे' असे सांगत आहोत असे वाटते. लॅटिनमधील क्रियापदाचे रूप मात्र 'देव भले करो' यातील 'करो'सारखे आहे. म्हणजे येथे बोलणे मृताशी नसून मृतासाठी देवाशी आहे. ही केवळ श्रद्धांजली नव्हे, ती प्रार्थना आहे. मोबाईलवर निधनाची वार्ता येताच तीन अक्षरे पाठवून आपण मोकळे होतो, तेव्हा आपण एक प्रार्थना म्हटली आहे याची जाणीव कितीजणांना असते?

या वचनातील 'पाचे' म्हणजे शांती. मूळ शब्द 'पाक्स'. त्यापासून 'शांत करणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद झाले. पुढे ज्याचे देणे आहे त्याला पैसे देऊन शांत करणे, असा त्याचा अर्थ होत गेला आणि पोर्तुगीजांच्या मुखातून तो शब्द मराठीत 'पगार' होऊन स्थिरावला. महिनाअखेरीस घरात पगार आला की शांती नांदते, हा अनुभव तर सर्वांचाच आहे!

'नाताळ' हा शब्दही असाच लॅटिनमधून पोर्तुगीजमार्गे आला. 'नातालिस' म्हणजे जन्मासंबंधीचा. आरंभीच्या ख्रिस्तसभेने 'दिएस नातालिस', म्हणजे जन्मदिवस, हे नाव रक्तसाक्ष्यांच्या मृत्युदिनाला दिले होते, हे वाचून काहींना नवल वाटेल. ज्या दिवशी त्यांचा वध झाला, त्याच दिवशी ते स्वर्गात जन्मले, अशी त्या काळच्या भाविकांची श्रद्धा होती. म्हणूनच आजही बहुतेक संतांचे सण त्यांच्या मृत्युदिनी येतात. पवित्र मरिया (८ सप्टेंबर) आणि संत योहान बाप्तिस्ता (२४ जून) यांचे जन्मदिवस साजरे होतात ते अपवाद म्हणून.

क्रुसावरील आय.एन.आर.आय. या अक्षरांचा अर्थ 'नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा' असा आहे, हे बहुतेकांना धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितले जाते. संत योहानाच्या शुभवर्तमानानुसार ही पाटी हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होती. मुख्य याजकांनी मजकुरावर हरकत घेतली, पण पिलात बधला नाही. त्याचे उत्तर 'क्वोद स्क्रिप्सी, स्क्रिप्सी', अर्थात 'लिहिले ते लिहिले', हे पुढे युरोपात म्हणीसारखे रूढ झाले. सत्य काय, असे विचारणाऱ्या माणसाने नकळत सत्यच लिहून ठेवले होते.

पोप महोदय नाताळ व पुनरुत्थानाच्या सणाला जो आशीर्वाद देतात, त्याचे नाव 'उर्बी एत ऑर्बी'. मराठी माणसाला हे शब्द समजणे अवघड जाऊ नये, कारण आपल्याप्रमाणेच लॅटिनमध्येही नामांना विभक्ती लागतात. 'उर्ब्स' म्हणजे नगर, त्याची चतुर्थी 'उर्बी'; 'ऑर्बिस' म्हणजे जग, त्याची चतुर्थी 'ऑर्बी'. नगरास आणि जगतास! २७ मार्च २०२० रोजी, महामारीच्या काळात, पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजणाऱ्या निर्मनुष्य चौकातून हाच आशीर्वाद दिला. त्या सायंकाळी समोर नगर नव्हते, जग मात्र घराघरांतून पाहत होते.

लॅटिन येत असल्याचा लाभ काय, असे कोणी विचारल्यास ११ फेब्रुवारी २०१३ चा दिवस सांगता येईल. संतपद घोषित करण्याविषयीच्या कार्डिनलांच्या सभेत पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपला पदत्याग लॅटिनमधून जाहीर केला. ते प्रक्षेपण ऐकत असलेल्या इटालियन वृत्तसंस्थेच्या एका वार्ताहर महिलेला लॅटिन कळत होते. शतकानुशतके न घडलेली ती घटना तिने जगाला सर्वप्रथम कळविली.

अर्धवट माहितीमुळे काही वचनांचा अर्थ उलटाही होतो. 'वोक्स पोपुली, वोक्स देई', म्हणजे जनतेचा आवाज तोच देवाचा आवाज, हे वचन निवडणुकीच्या दिवसांत हमखास ऐकू येते. आपल्या 'पंचामुखी परमेश्वर' या म्हणीचे ते भावंडच वाटते. परंतु आठव्या शतकाच्या अखेरीस आल्क्विन या विद्वानाने सम्राट शार्लमेनला लिहिलेल्या पत्रात हे वचन येते, ते असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये, हे सांगण्यासाठी! गर्दीचा उन्माद वेडेपणाच्या जवळ असतो, असे त्याचे म्हणणे होते. तेराव्या लिओंच्या १८९१ सालच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकाचे नावही 'नव्या गोष्टी' असे भाषांतरित केले जाते. रोमन लोकांच्या भाषेत मात्र 'नव्या गोष्टी' म्हणजे राज्यात उलथापालथ. कामगारांच्या हक्कांचा कैवार घेणारे ते परिपत्रक क्रांतीच्या लालसेच्या उल्लेखाने सुरू होते. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना प्रामुख्याने याच परिपत्रकाची आठवण ठेवली.

आता सर्वांत परिचित शब्दाकडे येऊ. मिस्साविधीच्या अखेरीस 'इते, मिस्सा एस्त' असे म्हटले जाई. 'जा, निरोप दिला आहे' हा त्याचा सरळ अर्थ. येथे 'मिस्सा' म्हणजे पाठवणी. संपूर्ण विधीला नाव मिळाले ते वेदी, भाकर किंवा बलिदान यांवरून नव्हे, तर अगदी शेवटच्या वाक्यावरून. आणि आपल्याकडे ख्रिस्तशरीर स्वीकारून थेट दरवाजाची वाट धरणारे काही थोडेथोडके नाहीत! ज्या वाक्यामुळे मिस्सा ही 'मिस्सा' झाली, नेमके तेच त्यांच्या कानी पडत नाही.

प्राचीन काळी या शब्दात केवळ रजा देण्याचा भाव होता, ख्रिस्ती वापरात त्याला कामगिरीवर पाठविण्याचा अर्थ येत गेला, असे पोप बेनेडिक्ट यांनी २००७ साली लिहिले. हे इतर भाषांत समजावून सांगावे लागते. मराठीत 'निरोप' हा एकच शब्द दोन्ही अर्थ वाहतो. आपण एकमेकांचा निरोप घेतो आणि कोणासाठी तरी निरोप घेऊनही जातो. २००८ साली लॅटिन मिस्साग्रंथात समारोपाची आणखी तीन वाक्ये समाविष्ट करण्यात आली. त्यांपैकी एकात, जा आणि प्रभूचे शुभवर्तमान घोषित करा, असे स्पष्टच सांगितले आहे. चारही वाक्यांना भाविकांचे उत्तर एकच आहे : 'देओ ग्रात्सियास', देवाला धन्यवाद.